मूलभूत उत्पन्न द्यायचे तर कसे द्यायचे : मराठवाड्यातील ४६ आमदारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे सर्व ४६ विधानसभा सदस्य

विषय : सर्वांना मूलभूत उत्पन्न देण्याची चर्चा, मराठवाड्यात त्याचा प्रयोग आणि त्याआधी ठरवायच्या गोष्टी

सन्माननीय सदस्यहो,

लाडकी बहीण, पीएम किसान, नमो शेतकरी, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ. रोख पैसे थेट खात्यात टाकणाऱ्या एवढ्या योजना आज एकाच गावात, कधी एकाच घरात चालू आहेत. त्यामुळे प्रत्येक माणसाला, कसलीही पात्रता न तपासता, दरमहा ठरावीक रक्कम द्यावी ही कल्पना आता केवळ विद्यापीठांतली राहिलेली नाही. ती सभागृहात येणार आणि मराठवाड्याचे नाव घेऊनच येणार, कारण दुष्काळ, कर्ज आणि स्थलांतर या तिन्हींची चर्चा आपल्या भागापासून सुरू होते.

आमचा या कल्पनेला पाठिंबा आहे. पण ती कोणत्याही रूपात आली तरी चालेल, असे आम्हाला वाटत नाही. अशी योजना माणसाला मोकळे करू शकते, तशीच ती रेशन, रोजगार हमी आणि पाण्याची जबाबदारी झटकण्याची वाटही होऊ शकते. यांतले काय घडेल हे रकमेच्या आकड्यावर जितके अवलंबून आहे, त्याहून जास्त चार गोष्टींवर आहे : पैसे कोणाच्या नावे येतात, केव्हा येतात, महागाईबरोबर वाढतात का, आणि त्यांच्या बदल्यात काय काढून घेतले जाते. म्हणून हे पत्र.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा अनुभव आपल्या आठही जिल्ह्यांनी घेतला आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे सगळे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना ऑगस्ट २०१५ पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळत होते. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये किलो. केंद्राकडून या धान्याचा पुरवठा थांबल्यावर राज्याने जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये देण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षी ते १७० केले. सरकारने स्वतः लावलेला हिशेब असा, की ५ किलो धान्याची किंमत १७० रुपये, म्हणजे किलोला ३४ रुपये. दुकानात गहू त्याहून महाग झाला की तुटीचा बोजा कुटुंबावर पडतो, कारण ही रक्कम बाजारभावाशी बांधलेली नाही. धान्य मिळत होते तेव्हा भाव कितीही चढला तरी ताटात पडणारे ५ किलो कमी होत नव्हते.

शिवाय हे पैसे कुटुंबातल्या महिलेच्या खात्यात जाणार असल्याने अर्जासोबत तिचे पासबुक, आधार आणि कार्डाची प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यावी लागली. ज्या घरात महिलेचे स्वतंत्र खाते नव्हते, कार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते, किंवा खाते आधारशी जोडलेले नव्हते, तिथे धान्यही गेले आणि पैसेही अडकले. रेशन दुकानात निदान कोणाकडे विचारायचे हे माहीत असते. खात्यात पैसे आले नाहीत तर दुकानदार म्हणतो माझा संबंध नाही, बँक म्हणते वरून आले नाहीत आणि तहसील म्हणते यादी पाठवली आहे.

यावरून आमची पहिली मागणी. मूलभूत उत्पन्न हे अन्नसुरक्षा कायद्यातले माणशी ५ किलो, अंत्योदयचे ३५ किलो, अंगणवाडीचा आहार आणि शाळेतले जेवण यांच्या जागी येता कामा नये. दरमहा हजार रुपये देऊन रेशन बंद केले, तर सरकारच्याच दराने त्यातले १७० रुपये पहिल्या दिवशी परत गेले. पाण्याचेही तसेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात प्रत्येक लातूरकराच्या खात्यात चार पैसे जास्त असते, तर टँकरचा भाव चढला असता. पाणी वाढले नसते. जी वस्तू मुळातच नाही ती रोख पैशाने विकत घेता येत नाही. शेततळे, विहीर, आरोग्य केंद्रातला डॉक्टर, गावापर्यंत येणारी एसटी ही कामे सरकारचीच राहतात.

आता सर्वांना द्यायचे की निवडक लोकांना. इथे आम्ही ठामपणे सर्वांच्या बाजूने आहोत, आणि त्याचे कारण उदारपणा नाही, कागदपत्रांचा हिशेब आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही सगळ्या घराचे मिळून. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले, की २१,२१६ रुपये होतात आणि म्हातारी आई अपात्र ठरते. सरकारने एका हाताने हमी दिलेले काम सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव उडवते. त्यामुळे २१,००० चा दाखला जवळपास कोणालाच खरेपणाने मिळू शकत नाही. तो मिळवून देणारा माणूस मिळतो, आणि त्याला पैसे मोजावे लागतात.

याहून वाईट गोष्ट वयाच्या पासष्टीला घडते. लाडकी बहीण योजनेत महिलेचे वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. पासष्टी ओलांडली की ती योजना संपते आणि तिला श्रावणबाळकडे जावे लागते. तिथली मर्यादा २१,०००. दोन्हीकडे रक्कम महिन्याला १,५०० रुपयेच. म्हणजे अंगातली ताकद जाते त्याच वर्षी गरिबीची व्याख्या बारा पटींनी कडक होते. कोणी मुद्दाम असे केले असेल असे आम्ही म्हणत नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या आणि त्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

निवडक लाभाची दुसरी अडचण अशी की यादी कधीच पक्की नसते. लाडकी बहीणमध्ये २०२४ साली अर्ज भराभर मंजूर झाले आणि जून २०२५ पासून २६ लाखांहून अधिक नावांचे पैसे पडताळणीसाठी थांबवले गेले. त्यांतले काही खरोखर अपात्र होते. पण पात्र असूनही थांबलेल्या बाईला आपण का थांबलो हे कळायला गावात जागा नाही. सर्वांना दिले तर सधन माणसालाही जातील हे खरे. त्याच्याकडून ते करातून परत घेता येतात. गरीब बाईकडून हिरावलेले सहा महिने मात्र कोणी परत देत नाही.

पीएम किसान आणि नमो शेतकरी यांची मर्यादा आणखी उघड आहे : सातबारा. बटईने करणारा, गायरानावर वर्षानुवर्षे कसणारा, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही असा मजूर यांना त्यात जागा नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू या शेतकऱ्यांच्या योजनेत एकरी हंगामाला ४,००० रुपये दिले. जितकी जमीन जास्त तितके पैसे जास्त, कूळ मात्र बाहेर. मराठवाड्यात ती चूक उचलू नये. रक्कम माणसाच्या नावे यावी, जमिनीच्या किंवा कुटुंबप्रमुखाच्या नावे नको.

रक्कम किती? २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत या विषयावर पूर्ण प्रकरण होते आणि त्यात माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा आकडा मांडला होता, ७५ टक्के लोकसंख्येसाठी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के. दरवर्षी ५ टक्के महागाई धरली तर नऊ वर्षांनी तोच आकडा ११,८०० च्या पुढे जातो. म्हणून प्रौढाला महिन्याला १,००० आणि मुलाला ५०० हा प्रस्ताव आम्ही धरतो. मुलाचे पैसे आईच्या खात्यात.

२०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १.८७ कोटी होती. दोन तृतीयांश प्रौढ धरले तर त्या लोकसंख्येलाच वर्षाला सुमारे १८,७०० कोटी लागतात, आणि पूर्ण राज्याला, म्हणजे ११.२४ कोटी लोकांना, १ लाख १२ हजार कोटींच्या वर. आजची लोकसंख्या त्याहून जास्त आहे. राज्याची २०२५-२६ ची अंदाजित महसुली जमा सुमारे ५.६१ लाख कोटी आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे. म्हणजे एका फटक्यात सर्व महाराष्ट्राला देऊ असे कोणी सांगत असेल, तर जमेचा पाचवा हिस्सा कुठून आणणार हे त्याने आधी सांगावे. आम्ही तसे सांगत नाही. आधी मराठवाड्यात नीट मोजलेला प्रयोग व्हावा, एवढेच मागतो.

प्रयोग मराठवाड्यातच का, याचे सर्वांत मोठे कारण उसतोड आहे. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत असा प्रयोग केला होता. प्रौढाला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलाला निम्मे. लोकांनी काम सोडले नाही. मजुरीचे काही दिवस कमी करून ते स्वतःच्या शेतात आणि जनावरांमागे लागले. पण तिथे आपल्यासारखी उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, नव्हती. बीडच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या लाखो कुटुंबांचे वर्ष उचलीवर चालते, आणि मूलभूत उत्पन्नाची खरी परीक्षा तिथेच होईल.

हिशेब मांडून पाहू. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरातले दाणे संपतात, शाळा, दवाखाना, पेरणी, एखादे लग्न, आणि पोळ्याच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे कारखान्यासाठी टोळ्या जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेतली जाते. ती हल्ली कोयत्याला लाखाच्या घरात जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. कोयत्याने रोज दोन टन तोडले, एकही खाडा पडला नाही, तरी दिवसाचे ७३२ रुपये. एक लाख फेडायला १३७ दिवस लागतात. दीड टन तोडले तर १८२. ऊस कमी असलेल्या वर्षी हंगाम त्याआधीच संपतो. उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या वहीत चढते आणि पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्यावर जायचे हे ठरवायचा अधिकार कुटुंबाच्या हातातून जातो. वाढलेला दरही मग उचलीतच जिरतो.

याच घरात तीन प्रौढ आणि दोन मुले धरा. आमच्या प्रस्तावाने महिन्याला ४,००० आणि वर्षाला ४८,००० रुपये येतात. उचलीची गरज ५२,००० वर आली तर ती ७१-७२ दिवसांत फिटते आणि उरलेल्या दिवसांची कमाई घरी येते. खाडा पडला तर दंड भरण्याची भीती कमी होते. आजारी बाईला फडावरून दवाखान्यात जाता येते. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्याच्या समितीने केली तेव्हा खाड्याची ही भीतीही पुढे आली होती.

पण हे आपोआप घडणार नाही. उचल एकरकमी असते आणि मूलभूत उत्पन्न थेंबाथेंबाने येते. लग्नाला, बोअरला, ऑपरेशनला चार हजारांचा हप्ता पुरत नाही. केनियात २०१६ पासून चालू असलेल्या मोठ्या प्रयोगात हेच दिसले : एकरकमी मिळालेल्यांनी धंदे जास्त उभे केले, आणि दीर्घकाळ दरमहा मिळणाऱ्यांनी आपसात भिशी लावून त्या हप्त्यांचीच एकरकमी रक्कम तयार केली. म्हणून प्रत्येक प्रौढाला अशी मुभा असावी, की नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे चार हप्ते जूनमध्येच आगाऊ घेता यावेत. वरच्या कुटुंबाला मग मृगाच्या तोंडावर, जूनचा हप्ता धरून, २०,००० रुपये मिळतात. ही मुभा कुटुंबाला एकत्र देऊ नये, माणसागणिक द्यावी. कारण फडावर असताना पीठ-मीठ-तेलासाठी मुकादमाची खर्ची घ्यावी लागते आणि तीही वहीत चढते. एकाने आगाऊ घेतले आणि दुसऱ्याचे दरमहा चालू राहिले तर खर्ची आवरता येते.

आणि हे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जाणे इथे फार महत्त्वाचे आहे. कोयता दोघांचा, पण उचल ठरवायला बसतो नवरा. तिच्या श्रमाचा सौदा तिला न विचारता होतो. तिच्या नावावर वर्षाला बारा हजार आणि मुलांचे बारा हजार असले, तर उचल किती घ्यायची या बोलण्यात तिचा शब्द येतो.

मुकादम काय करेल याचाही विचार आधीच हवा. तो एटीएम कार्ड आणि पासबुक ठेवून घेईल. आज काही ठिकाणी सावकार तेच करतात. म्हणून या खात्याला कार्ड देऊच नये, पैसे अंगठ्यावर किंवा डोळ्याच्या बुबुळावर निघावेत. दुसरा धोका बँकेचा. पीककर्ज थकले की खात्यावर होल्ड लावायचा आणि अनुदान तिकडे वळवायचे, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. वरून परिपत्रके निघतात आणि शाखेत होल्ड तसाच राहतो. मूलभूत उत्पन्न कर्जात वळते करता येणार नाही, हे परिपत्रकात नको, कायद्यात लिहा, आणि वळते केल्यास शाखेने सात दिवसांत व्याजासह परत करावे अशी तरतूद करा.

मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार आपल्या कानावर येईलच : मजूर मिळणार नाहीत. हिला टाळू नये. मजुरी वाढेल हे खरे आहे, निदान कापूस वेचणीत आणि सोयाबीनच्या काढणीत. पाच एकरांत चाळीस क्विंटल कापूस निघाला आणि वेचणी किलोला दोन रुपयांनी महागली, तर खर्च आठ हजारांनी वाढतो. त्याच शेतकऱ्याच्या पाच माणसांच्या घरात ४८,००० रुपये येतात. पन्नास एकरवाल्याला मात्र तोटा होईल, आणि सालगड्याला पाडव्याला जुन्या उचलीत बांधून ठेवणे अवघड जाईल. तसे व्हावे अशीच आमची इच्छा आहे. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले, तिथेही लोक काम सोडून बसले नाहीत. दारूचा आक्षेप तर जगभर तपासून झाला आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९ अभ्यास एकत्र पाहिले, रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे त्यात दिसले नाही.

महागाईबाबत मात्र कायद्यातच उपाय हवा. इराणने २०१० च्या डिसेंबरपासून इंधनाची सवलत काढून प्रत्येकाला महिन्याला ४,५५,००० रियाल दिले. रक्कम तीच ठेवली, भाव चढत गेले आणि काही वर्षांत तिचा जोर संपला. आपल्याकडे पीएम किसानचे ६,००० डिसेंबर २०१८ पासून ६,०००च आहेत. ५ टक्क्यांनी धरले तरी सात वर्षांत त्यांची खरेदीशक्ती ४,२६४ वर आली. म्हणून दर एप्रिलला ग्रामीण मजुरांच्या किंमत निर्देशांकाप्रमाणे रक्कम आपोआप वाढावी, त्यासाठी मंत्रिमंडळाच्या निर्णयाची वाट पाहावी लागू नये. निवडणुकीच्या तोंडावर वाढवायची आणि नंतर विसरायची ही सवय त्याशिवाय जाणार नाही.

पैसे कुठून, याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या कामासाठी दरवर्षी पैसे भरले. तो कर वर्षाला कमाल २,५०० रुपये आहे आणि ही मर्यादा संविधानात १९८८ पासून बदललेली नाही. ती वाढवण्याची शिफारस विधानसभेने ठराव करून केंद्राकडे पाठवावी. दुसरी बाजू आधीच्या योजनांची : सारख्याच उद्देशाच्या रोख योजना हळूहळू यात मिळवता येतील, पण आज कोणाला मिळते त्यापेक्षा एक रुपयाही कमी होता कामा नये. ज्या निराधार किंवा अपंग व्यक्तीला आज दीड-अडीच हजार मिळतात तिला हजारावर आणणे हा अन्याय होईल.

आता वाटपाच्या बारीक गोष्टी. कागदावर त्या लहान दिसतात, पण योजना त्यांच्यावरच पडते. दीड हजार वस्तीच्या गावात हजार प्रौढ आणि पाचशे मुले धरली तर महिन्याला साडेबारा लाख रुपये येतील. गावातल्या बँकमित्राकडे एवढी रोकड कधीच नसते. सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी आले की पहिल्या तासात त्याची पेटी रिकामी होते, उरलेल्या बाया तालुक्याला जातात, आणि तिकीट अर्धे असले तरी मजुरीचा दिवस पूर्ण बुडतो. म्हणून गावाच्या वाड्या-वस्त्यांना दहा दिवसांत विभागून तारखा द्याव्यात, रोज सव्वा लाख पुरेल, आणि ती तारीख वर्षभर बदलू नये. बँकमित्राला रोकड नेण्याचा विमा आणि व्यवहारामागे वेळेवर कमिशन द्यावे. पावती छापून देणे सक्तीचे करावे, कारण ‘अंगठा लागला नाही’ असे सांगून परत पाठवलेल्या बाईच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, हा प्रकार घडतो.

अंगठ्याचे ठसे हा वेगळाच प्रश्न आहे. ऊस, वीटभट्टी, कापूस यांत राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला लागत नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीत बुबुळ वाचणारे एक यंत्र असले तर बहुतेक अडचण सुटते. तसेच आधारमार्फत येणारे पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना उघडले गेलेले, बाईला माहीतही नसलेले खाते मध्येच शेवटचे ठरते आणि पैसे तिथे जाऊन बसतात. पहिल्या हप्त्याआधी प्रत्येकाचे पैसे कोणत्या बँकेत जाणार हे छापून ग्रामसभेत वाचून दाखवा.

पडताळणी वर्षातून एकदाच, आणि ती मे महिन्यातच व्हावी. तेव्हा फडावर गेलेले सगळे गावात असतात. लाडकी बहीणची ई-केवायसी २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत, उसाचा हंगाम चालू असताना मागितली गेली, आणि त्यात पतीचे किंवा वडिलांचे आधार लागत होते. विधवा, परित्यक्ता आणि परजिल्ह्यात कोपीत राहणारी बाई अशा तिघींची त्यात ओढाताण झाली. मूलभूत उत्पन्नासाठी दुसऱ्या कोणाचेही आधार मागण्याचे कारण नाही.

प्रयोगाचा आराखडा असा करता येईल. दोन तालुके घ्यावेत : एक धारूर, पाटोदा किंवा वडवणीसारखा उसतोडीला जाणारा, दुसरा जिंतूर किंवा सेनगावसारखा कापूस-सोयाबीनचा. दोन्हींत मिळून ६० गावे जाहीर चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि तेवढीच गावे तुलनेसाठी ठेवावीत. गावातले काही लोक निवडू नयेत, पूर्ण गाव घ्यावे. काहींनाच दिले तर गावातली मजुरी, किराण्याचे भाव आणि सावकाराचे व्याज यांवर काय होते ते कधीच कळणार नाही, आणि भांडणे लागतील ती वेगळी. ६० गावांत ९०,००० माणसे धरली तर पहिल्या वर्षी ९० कोटी आणि ५ टक्के वाढ धरून तीन वर्षांचे सुमारे २८४ कोटी लागतात. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ च्या एकाच वर्षात ३६,००० कोटींची तरतूद होती, त्याच्या हे एक टक्काही नाही.

काय मोजायचे? दर कोयत्यामागे घेतलेली उचल आणि हंगामाअखेरची बाकी. किती कोयते गेले, किती थांबले. नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पटावरून गळालेली आणि हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले. अंगणवाडीतली वजने. आठवडी बाजारातले दहा ठरलेल्या वस्तूंचे भाव. वेचणीचा आणि काढणीचा दर. शेकडा व्याज. गहाण पडलेले आणि सुटलेले सोने. शेळ्यांची संख्या. ही मोजणी योजना राबवणाऱ्या विभागाकडे देऊ नये, आणि वर्षाअखेरचे आकडे, चांगले असोत वा वाईट, जिल्हा परिषदेच्या फलकावर लागावेत.

वेळापत्रकात चूक झाली तर तीन वर्षांचे काम वाया जाईल. उचल पोळ्यापासून वाटली जाते, म्हणून आधीची पाहणी त्याआधी पूर्ण व्हायला हवी आणि पहिला हप्ता ऑगस्टच्या सुरुवातीला पडायला हवा. मागे मोजत गेले की पाहणी जून-जुलैत, खाती जोडणे आणि ग्रामसभा मेमध्ये, गावांच्या चिठ्ठ्या एप्रिलमध्ये आणि तरतूद मार्चच्या अर्थसंकल्पात. मार्च हुकला तर पुढच्या पोळ्यापर्यंत सगळे एक वर्ष लांबते.

अधिवेशनापूर्वी आपण दोन लेखी उत्तरे मागावीत ही विनंती. एक, १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारकांना जानेवारी २०२३ पासून आजपर्यंत प्रत्येक महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला मिळाली, तालुकानिहाय. दोन, वय ६५ पूर्ण झाल्याने लाडकी बहीणमधून बाहेर पडलेल्या महिलांपैकी श्रावणबाळ किंवा इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत किती दाखल झाल्या आणि उरलेल्या कशामुळे राहिल्या. उत्तरे आली की ती आपापल्या मतदारसंघातल्या ग्रामपंचायतींना पाठवा. आकडे समजून घ्यायला आणि ग्रामसभेत मांडायला आम्ही येऊ.

आपले,
मराठवाड्यात रेशन, रोजगार हमी, निराधार अनुदान आणि उसतोड मजुरांच्या हिशेबावर काम करणारे कार्यकर्ते व अभ्यासक